विमानतळावरच्या झडतीचे कैवारी

विमानप्रवाशांची सुरक्षा आणि विमानप्रवाशांचे हाल ह्या दोन गोष्टी समप्रमाणात वाढतात, असा सिद्धान्त एका निवृत्त अधिकारी गृहस्थांनी नुकताच एका व्याख्यानात मांडला आणि त्यावर टाळ्याही पडल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: रांग लांब असेल तर पहारा चोख आहे असे समजावे, पट्टा, बूट, घड्याळ उतरवताना जो कुरकुरतो त्याला देशाच्या सुरक्षिततेची चाड नाही, २००१ नंतरच्या जगात प्रत्येक माणूस प्रथम संशयित आणि मग प्रवासी, आणि ज्याला हे सोसत नसेल त्याने खुशाल रेल्वेने जावे. अनुभवाचा दाखला आणि विरोधकाच्या देशभक्तीविषयी शंका ही दोन एकत्र आली की पुराव्याची गरज उरत नाही, अशी त्यांची समजूत दिसते. मला ती गरज अजून भासते.

झडतीच नको असे म्हणणारा मी नव्हे, हे आरंभीच नमूद करतो, कारण प्रतिपक्षाच्या तोंडी नसलेली वाक्ये घालण्याची खोड ह्या गृहस्थांना आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीस निघालेले आयसी ८१४ हे विमान अपहृत झाले, अमृतसर, लाहोर, दुबई करीत कंदाहारला नेण्यात आले, एका तरुण प्रवाशाचा खून झाला आणि तिघा दहशतवाद्यांना सोडून दिल्यावर ३१ तारखेस ओलिसांची सुटका झाली. ह्या साऱ्याच्या मुळाशी काठमांडूची ढिली झडती होती हे मी मुळीच नाकारीत नाही. शस्त्र आणि स्फोटक विमानात जाता कामा नये, आणि त्यासाठी प्रवाशाने अंगाची चाचपणी सोसावी, हेही कबूल. माझे भांडण पुढेच सुरू होते. पहारेकऱ्याचे लक्ष ही मोजकी ठेव आहे, आणि ती कोठे खर्च होते ह्याचा हिशेब ज्यांनी ठेवावयाचा, त्यांनी तो ठेवणेच सोडून दिले आहे.

संकट येते ते प्रवाशांच्या रांगेतून, हा गृहस्थांच्या सिद्धान्ताचा आधारस्तंभ. तो इतिहासाच्या कसोटीवर किती टिकतो ते पाहू. २२ जून १९८५ रोजी कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका इसमाने आपली सुटकेस थेट दिल्लीपर्यंत पाठवावी म्हणून काउंटरवरील बाईंशी हुज्जत घातली. टोरोंटोपुढचे त्याचे आसन पक्के झालेले नव्हते, सबब तसे करणे नियमाविरुद्ध होते; परंतु मागे प्रवासी ताटकळत उभे होते, इसम हटेना, आणि अखेर त्या बाईंनी सुटकेस स्वीकारली. इसम विमानात चढला नाही, सुटकेस चढली. टोरोंटोला सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र ऐन वेळी बंद पडले आणि उरलेले सामान हातात धरावयाच्या एका वासग्राही उपकरणाच्या भरवशावर पुढे गेले. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिकवर, दिल्ली आणि मुंबईच्या वाटेवर असलेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान फुटले आणि ३२९ जीव गेले. त्याच कटातील दुसरी सुटकेस जपानमधील नारिता विमानतळावर फुटून सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले. ह्या विमानातील यच्चयावत प्रवाशांचे जोडे, पट्टे आणि हातपिशव्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या असत्या, तरी त्यातून काय निष्पन्न झाले असते? रांगेच्या लांबीवरून पहाऱ्याची पारख करणाऱ्या गृहस्थांनी व्हँकूव्हरचा तो प्रसंग पुन्हा वाचावा: तेथे रांग लांब होती, आणि तिच्या रेट्यामुळेच नियम वाकला.

बरे, एवढ्यावर जग शहाणे झाले म्हणावे, तर २१ डिसेंबर १९८८ रोजी स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर पॅन ॲमचे विमान कोसळून २७० माणसे मेली, तीही मालकाविना निघालेल्या एका सुटकेसमुळेच. मध्यंतरी, ५ सप्टेंबर १९८६ रोजी, कराचीत पॅन ॲमच्याच विमानावर हल्ला करणारे प्रवासी नव्हते. विमानतळाच्या रक्षकांचा वेष करून ते गाडीतून थेट विमानापाशी आले. वैमानिक निसटू शकले आणि विमान जागीच खिळून राहिले, ते नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रसंगावधान राखून वेळीच दिलेल्या इशाऱ्यामुळे. २०१६ मध्ये मोगादिशूहून निघालेल्या विमानात ज्या लॅपटॉपमधील बॉम्ब फुटला, तो तपासणीची रेषा ओलांडून आलेल्या प्रवाशाच्या हाती विमानतळावरच्याच माणसांनी दिला होता. आणि गृहस्थ ज्या २००१ चा मंत्रासारखा जप करतात, त्या ११ सप्टेंबरच्या १९ अपहरणकर्त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तेव्हाच्या संगणकीय छाननीने वेगळे काढलेही होते! परंतु शिरस्ता असा की, अशा माणसाचे सामान, तो स्वतः विमानात बसेपर्यंत, विमानात चढवावयाचे नाही. ते सगळे बसले. शिरस्त्याचे समाधान झाले. माणसाविषयी संशय आल्यावरही ज्या व्यवस्थेने त्याच्या सुटकेसकडेच पाहिले, तिचेच वारस आज आमच्या पिशव्या उपसतात.

हा वाद माझ्याशी प्रथमच होत आहे असेही नाही. हातातल्या पिशवीला कागदी चिठ्ठी बांधावयाची, तिच्यावर शिक्का मारून घ्यावयाचा, आणि विमानाच्या दाराशी तो शिक्का दाखवावयाचा, हा विधी आपल्याकडे वर्षानुवर्षे चालला. शिक्का पुसट उमटला म्हणून माणसे परत पाठवली जात. त्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना तेव्हाही ‘तुम्हांला परिस्थितीचे गांभीर्य कळत नाही’ असेच उत्तर मिळे. २०१७ पासून मुंबई, दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर तो विधी बंद होत गेला. त्याचे समर्थन करणाऱ्यांपैकी एकानेही पुढे येऊन आपला हेका चुकला असे म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

लक्षाच्या उधळपट्टीचा एक नमुना मी जवळून पाहिला. माहेरून ओटी भरून निघालेल्या एका वृद्ध बाईंच्या पिशवीतून नारळ बाहेर काढण्यात आला. जवान सौजन्याने वागत होता. ‘आजी, नियम आहे,’ एवढेच तो पुन:पुन्हा म्हणाला. आजींनी हळदकुंकू लागलेला तो नारळ एकदा कपाळाला लावून त्याच्या हाती दिला आणि तो नेलकटर, लायटर आणि कात्र्यांच्या टोपलीत जाऊन पडला. तेवढा वेळ एक जवान आणि पडद्यासमोर बसलेला त्याचा सहकारी, दोघांचेही लक्ष त्या नारळात गुंतले होते. आता पाहा: २०२४ मध्ये शबरीमलेच्या यात्रेकरूंना हंगामापुरती केबिनमध्ये नारळ नेण्याची मुभा देण्यात आली, अर्थात तपासणी करून. मग तपासलेला नारळ यात्रेच्या हंगामात निर्धोक आणि एरवी स्फोटक, हे कोणते रसायनशास्त्र? क्ष-किरणांच्या पडद्यासमोर माणसाने सलग २० मिनिटांहून अधिक बसू नये असा युरोपात नियम आहे, कारण नजर थकते हे तेथील अधिकाऱ्यांनी मान्य केले आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत गुप्त परीक्षकांनी ७० वेळा निषिद्ध वस्तू नेऊन पाहिल्या आणि ६७ वेळा त्या पकडल्या गेल्या नाहीत. लांब रांगा त्या देशालाही नवख्या नाहीत.

द्रवपदार्थांच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेला २००६ मधील ज्या कटाने जन्म दिला, तो लंडनच्या पोलिसांनी पाळत ठेवून विमानतळाबाहेर उघडकीस आणला. रांगच हल्ल्याचे लक्ष्य होऊ शकते, हे २२ मार्च २०१६ रोजी ब्रुसेल्सच्या प्रस्थानकक्षात दिसले. रेल्वेने जाण्याचा सल्ला लेहला जाणाऱ्याने कसा अमलात आणावा, तेही गृहस्थांनी सांगावे.

मग करावे काय? सामानकक्षात जाणारी प्रत्येक पेटी तिच्या मालकाशी जोडलेली आहे ह्याची रुजुवात करणे आणि ती यंत्राखालून काढणे ह्यात कोणतीही कसूर खपवून घेऊ नये. विमानापाशी पोहोचणारा प्रत्येक इसम, मग तो सफाईवाला असो, अन्न पुरवणारा असो वा गणवेशधारी, प्रवाशाइतकाच तपासला जावा. वैमानिककक्षाचे दार २००१ नंतर भक्कम झाले ते योग्यच झाले. पण २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने तेच दार आतून लावून घेऊन १५० जणांचा अंत ओढवला, तेव्हा दाराआडच्या माणसाच्या मन:स्वास्थ्याचीही काळजी वाहिली पाहिजे. आणि प्रश्न विचारण्याची विद्या जवानांना शिकवावी. १९८६ च्या एप्रिलमध्ये हीथ्रोवर एका गरोदर आयरिश स्त्रीची पिशवी विमानतळाच्या तपासणीतून निर्वेध सुटली होती. इस्रायली विमानकंपनीच्या माणसांनी तिला साधे प्रश्न विचारले, उत्तरे जुळेनात, तेव्हा पिशवीच्या तळाखाली तिच्या नकळत ठेवलेला बॉम्ब सापडला. नाव, धर्म किंवा पेहराव पाहून संशय घेणाऱ्याच्या हातून ती स्त्री खात्रीने निसटली असती.

उरला, प्रत्येक माणूस प्रथम संशयित म्हणून सर्वांनी समान कष्ट सोसावेत, हा उपदेश. आपल्याकडे झडतीतून सूट मिळालेल्या पदाधिकाऱ्यांची एक लांबलचक यादी आहे, आणि गृहस्थांच्या व्याख्यानात तिचा उच्चारही झाला नाही. तिच्यातील प्रत्येक पदापुढे सुटीचे कारण लिहून ती विमानतळाच्या दर्शनी भागी लावावी, आणि ज्या पदापुढे कारण लिहिता येणार नाही ते त्याच दिवशी यादीतून काढून टाकावे.