फरदड कोणती?

हिंगणघाट हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. येथे वाङ्मयाच्या चर्चेतही उपमा यावयाची ती कापसाचीच. परवा चार वाचनप्रेमी मंडळींत डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या कादंबऱ्यांची गोष्ट निघाली, तेव्हा एका विद्वान गृहस्थांनी निकाल दिला, "ज्ञानकोश हे केतकरांचे खरे पीक, कादंबऱ्या म्हणजे फरदड!" सगळे हसले. मजला हसू आले नाही, कारण तो निकाल मजवरही लागू होत होता. वकिली आटोपत आल्यावर, पंचावन्नाव्या वर्षी, मी कादंबरी लिहू लागलो आणि आता चौथी लिहीत आहे.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. मुख्य वेचण्या झाल्यावर पऱ्हाटी न उपटता, तिलाच पुन्हा पाणी देऊन जो कापूस पदरात पडतो ती फरदड. हा अर्थ ध्यानात घेतला म्हणजे आक्षेपकांची उपमा त्यांच्याच अंगावर उलटते. केतकरांनी जुन्या झाडाला पाणी घातले नाही. नवी पेरणी केली. फरदड म्हणावयाचीच, तर विशीत गाजलेल्या कादंबरीची पऱ्हाटी साठीपर्यंत उभी ठेवणाऱ्या लेखकांच्या पिकाला म्हणावी. पण त्यांना "आता पुरे" असे कोणी म्हणत नाही. त्यांचे सत्कार होतात!

रायपुरास १८८४ साली जन्मलेल्या आणि अमरावतीस शिकलेल्या या पुरुषाने १९०९ मध्ये हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे २३ खंडांच्या ज्ञानकोशाचे ओझे उचलले. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी त्यांच्या विशीतली; केतकरांची 'गोंडवनातील प्रियंवदा' १९२६ सालची, म्हणजे बेचाळिशीतली. त्यानंतर १९३७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी एकंदर सात कादंबऱ्या लिहिल्या. भाषा ओबडधोबड आहे, पात्रे व्याख्याने देतात, कथानक वाटेतच बसकण मारते. हे सर्व मान्य. डीफोने 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ साली, साठीच्या उंबरठ्यावर लिहिला, त्याला मात्र इंग्रजांनी फरदड म्हटले नाही. त्यांच्याकडे कापूस पिकत नाही, हेही एक कारण असेल.

पण जातीवर जो ग्रंथ लिहून बसला, त्याला 'ब्राह्मणकन्या' लिहावीशी का वाटली? ग्रंथात जात ही संस्था असते. तिला नियम, अपवाद आणि टीपा असतात. आजोळच्या कुळाला लागलेला बोल कालिंदीला भोवतो, तेव्हा ती मुलगी काय करते, याला ज्ञानकोशात रकाना नाही. जो रकानेच आखीत आला, त्यालाच बाहेर काय सांडते हे पुरते ठाऊक असते. विशीतल्या लेखकाला ते ठाऊक असणे कठीण. त्याचे अजून काहीच सांडलेले नसते.

माझे सांडलेले फार थोडे आहे, पण ते माझे आहे. एका वाटणीच्या दाव्यात मी दिराचा वकील होतो. उलटतपासणीत त्याची विधवा भावजय नवऱ्याच्या बैलजोडीची हकीकत सांगू लागली. मी तिला तीन वेळा अडविले: "बाई, विचारले तेवढेच सांगा." माझे करणे कायद्याला धरूनच होते आणि दावाही मी जिंकला. ती हकीकत कोणत्याही कागदावर उतरली नाही, आणि मलाही ती पुरती ऐकू आली नाही. पंचवीस वर्षांनी मला ती कल्पनेने रचावी लागली. सत्य उपलब्ध असताना ज्याने त्याचे तोंड बंद केले, त्याने उतारवयात दुसरे काय करावे?

"मग एक कादंबरी लिहून भागले नाही काय?" असे घरची मंडळी विचारतात. नाही भागले. बाईची कादंबरी लिहून झाली, तेव्हा ध्यानात आले की तीत तो दीर केवळ दुष्ट उतरला आहे. मजकडे येई तेव्हा तो बाहेरच्या बाकावर तासन् तास बसून असे, आणि आपल्या बाजूचे कागद मजकडून पुन्हा पुन्हा वाचून घेई. जिंकल्याच्या दिवशी तो फी देऊन, एक शब्दही न बोलता निघून गेला. चौथी कादंबरी त्याची आहे. तिसरे प्रकरण चालू आहे.