टेबलाच्या दोन्ही बाजूंचे सहभागी

तोक्योमध्ये 21 डिसेंबर 1975 रोजी हौशी चित्रकथाकारांची 32 मंडळे आणि सुमारे 700 वाचक ज्या मेळाव्यासाठी एकत्र आले, तो ‘कॉमिक मार्केट’ आज वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व डिसेंबरअखेरीस, भरतो आणि तेथील उपस्थिती लाखांत मोजली जाते. दोजिन्शी, म्हणजे प्रकाशकाविना स्वखर्चाने छापलेली आणि पुष्कळदा एखाद्या लोकप्रिय मालिकेतील वा व्हिडिओ गेममधील पात्रांवर चाहत्यांनीच रचलेली पुस्तिका, हा या मेळाव्याचा प्राण होय. येथे कोणी ‘ग्राहक’ नसतो. विकणारा, घेणारा आणि व्यवस्था पाहणारा स्वयंसेवक हे तिघेही ‘सहभागी’ मानले जातात, आणि मेळाव्याचे खरे मोठेपण गर्दीपेक्षा या समतेत आहे. 2000 च्या हिवाळी मेळाव्यात ‘त्सुकिहिमे’ हा कथाप्रधान गेम विकणारे ‘टाइप-मून’ हे तेव्हा असेच एक हौशी मंडळ होते. पुढे त्याचे नाव जगभर पोहोचले.

समाजमाध्यमांनी मात्र या व्यवहाराची चाल पालटली आहे. मंडळे आपला टेबल क्रमांक, किंमत आणि नमुन्याची पाने आधीच प्रसृत करतात, त्यामुळे दूरच्या चाहत्याला नवोदिताचा पत्ता लागतो, हा लाभ निःसंशय मोठा आहे. परंतु खरेदीची यादी घरीच ठरू लागली की टेबलापाशी रेंगाळून अनोळखी पुस्तिका चाळण्याला, आणि तिच्या कर्त्याशी दोन शब्द बोलण्याला, फारसा अवकाश उरत नाही.