जाणत्याचा हात

पोथी लिहून पुरी झाल्यावर आपल्याकडील जुने लेखनिक पुष्पिकेत वाचकाला जी विनवणी वारंवार करीत, तीत पाणी, तेल, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून ग्रंथ राखावा असे मागणे असे. परंतु युरोपातील मध्ययुगीन हस्तलिखितांच्या चोऱ्यांचा इतिहास पाहिला, म्हणजे त्या यादीत जाणत्याचा हात घालावयाचा राहिला, असे खेदाने म्हणावे लागते.

स्पेनमधील सान्तियागो द कॉम्पोस्तेला येथील कॅथेड्रलच्या दप्तरखान्यात असलेला ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ हा बाराव्या शतकातील ग्रंथ, ज्यात यात्रेकरूने वाटेवरील कोणत्या नदीचे पाणी प्यावे व कोणत्या नदीचे टाळावे इथवर सांगितले आहे, २०११ च्या जुलैत नाहीसा झाला, तेव्हा तिजोरीच्या दाराला किल्ल्या तशाच लटकत होत्या. आणि वर्षभराने मुद्देमाल हाती लागला तो त्याच कॅथेड्रलात वर्षानुवर्षे विजेची कामे केलेल्या माणसाच्या गॅरेजमध्ये. त्या माणसाला तेथला प्रत्येक जिना ठाऊक होता आणि त्याच्या येण्याजाण्याची कोणी दखल घेत नव्हते, हीच खरी गफलत.

याहून जिव्हारी लागते ते व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील प्रकरण. इटालियन कवी पेट्रार्कच्या संग्रही असलेल्या चौदाव्या शतकातील हस्तलिखिताची पाने कापून नेणारा मनुष्य कलेच्या इतिहासाचा अमेरिकन प्राध्यापक होता. विक्रीस आलेली पाने पाहून जाणकारांना संशय आला आणि १९९५ साली प्रकरण उघडकीस आले. ज्याने विद्यार्थ्यांना अशा पानांचे मोल शिकवावे, त्यानेच ते मोल ओळखून पाते चालवावे! पान कापले की शिवणीजवळ चर्मपत्राची बोटभर पट्टी तेवढी उरते. समोरच्या पानावर उमटलेला शाईचा डाग जोडीदारावाचून निरर्थक होतो, आणि भिंतीवर चौकटीत टांगलेले ते पान कोणत्या ग्रंथाचे, कोणी लिहविले, याचा दाखला कायमचा तुटतो.

बेभान जमावाने पोथ्या विस्कटल्या, तर निदान गवगवा होतो. पुण्यात भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ रोजी झालेला हल्ला साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. विद्वानाच्या पात्याचा आवाज मात्र कोणालाच येत नाही. म्हणूनच आमचे मागणे असे, की हस्तलिखित वाचकाच्या हवाली करताना आणि परत घेताना, मग वाचक कितीही मोठ्या पदाचा असो, त्याच्यासमक्ष पत्रे मोजावीत. काही ग्रंथालये वजनही करतात, तसे करावे. आणि मालकीची साखळी दाखविता येत नाही असे सुटे पान कोणत्याही संग्रहालयाने, देणगी म्हणूनसुद्धा, दाखल करून घेऊ नये.