युरियाचे पोते आणि पेटवलेले पाचट



"साहेब, युरिया किती पोती टाकू?" हा प्रश्न आम्हांला रोज विचारला जातो. टाकलेल्या युरियाचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारत नाही.

सुरू उसाला एकरी 100 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे 45 किलोची साधारण पाच पोती. आठ-आठ पोती टाकणारेही आम्ही पाहतो. पोते तीनशे रुपयांच्या आत मिळते, मग हात सैल सुटणारच. पण आपल्याकडच्या काळ्या, चुनखडीच्या रानात युरिया नुसता वर फेकला की त्याचा अमोनिया होऊन तो वाऱ्यावर जातो. पाटाने वारेमाप पाणी सोडले की नायट्रेट होऊन खाली झिरपतो. पाणी तुंबले तर जिवाणूच त्याचा वायू करून परत हवेत सोडतात. उसाच्या वाट्याला येते ते उरलेसुरले.

झिरपलेले नायट्रेट विहिरीत अन् बोअरात उतरते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नसावे. जास्त असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या लेकराला पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, मूल निळे पडते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

एकीकडे पोती विकत आणायची आणि दुसरीकडे घरचे नत्र काडी लावून उडवायचे, हे आम्हांला पटत नाही. एकरी तीन-चार टन पाचट निघते. त्यात 15 किलोच्या आसपास नत्र असते, म्हणजे युरियाचे पाऊण पोते. पेटवले की ते बहुतेक धुरात जाते. साप-उंदरांची भीती आम्ही नाकारत नाही. मजुरांना ती खरीच असते. पण तोड संपल्यावर बांधावरून काडी टाकायचे ते कारण नव्हे. जळीत उसाच्या पैशात कपात होते, मग पाचट जाळणाऱ्याला कोणी का विचारू नये? वार्षिक सभेत हा विषय निघावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाचट सरीत दाबून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो कुजविणारे जिवाणू टाकावेत आणि पाणी द्यावे. उसाचा युरिया चार हप्त्यांत, मातीआड द्यावा. शेवटचा मोठा हप्ता बांधणीला. जिवाणू हवे असतील त्यांनी तोड येण्यापूर्वी गट कार्यालयात नाव नोंदवावे.