खाज थांबते, आजार राहतो

जून सरता सरता पाऊस स्थिरावतो आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या पशुवैद्यकांच्या दवाखान्यांत एकाच प्रकारच्या तक्रारी वाढू लागतात. कुत्रा रात्रभर खाजवतो, पंजे चाटून चाटून लाल करतो, सारखे कान झाडतो. काखेतले आणि जांघेतले केस विरळ झालेले असतात. घरच्यांनी तोवर शाम्पू बदलून पाहिलेला असतो, खोबरेल तेल लावलेले असते, औषधाच्या दुकानातून मलमही आणलेले असते. दवाखान्यात एक इंजेक्शन दिले जाते. दुसऱ्या दिवशी खाज थांबते आणि सारे घर सुखाने झोपते. तीन-चार आठवड्यांनी तोच कुत्रा त्याच तक्रारीसाठी पुन्हा त्याच टेबलावर उभा असतो. काही घरांत हे चक्र वर्षानुवर्षे चालते.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्टमधील आणि नोव्हेंबरमधील आदेशांमुळे कुत्रा हा विषय देशभर चर्चेत राहिला. चावे, रेबीज, निवारागृहे, खाऊ घालण्याच्या जागा यांवर बरेच लिहिले-बोलले गेले. घरात पाळलेल्या कुत्र्याचे आरोग्य मात्र खासगी बाब म्हणून चर्चेबाहेरच राहिले. वास्तविक पाळीव कुत्र्याला रस्त्यावर आणून सोडण्यामागे जी कारणे असतात, त्यांत न बरा होणारा त्वचारोग हेही एक आहे. केस गेलेला, वास येणारा कुत्रा लिफ्टमध्ये नको असतो, मग सोसायटीत नको होतो आणि शेवटी घरातही नकोसा होतो. त्यामुळे ही खाज नीट हाताळली जाते की नाही, याचा संबंध शहराच्या व्यवस्थेशीही आहे.

खाज हे लक्षण आहे

तापाप्रमाणेच खाज हे लक्षण आहे. ताप मलेरियाने येतो, टायफॉइडने येतो आणि साध्या सर्दीनेही येतो. औषध कारणानुसार ठरते. कुत्र्याच्या खाजेची कारणे ढोबळमानाने चार गटांत मोडतात: परजीवी, जंतू व बुरशीचा संसर्ग, अन्नाची ॲलर्जी आणि वातावरणातील घटकांची ॲलर्जी. ही चारही कारणे बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात. म्हणूनच ती ठरावीक क्रमाने तपासावी लागतात आणि हा क्रम टाळला की इंजेक्शनांचे चक्र सुरू होते.

पहिला क्रमांक परजीवींचा. अंगावर पिसू दिसत नाही म्हणजे पिसवा नाहीत, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या जेमतेम ५ टक्के मानल्या जातात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात गादीत, सोफ्याच्या फटीत आणि पायपुसण्यात असतात. पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरतात. शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाज असेल, तर संशय आधी पिसवेवर घ्यावा. गोचिडीचेही तसेच. आपल्याकडे घरच्या कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणारी तपकिरी गोचीड बागेतल्या गवतापेक्षा इमारतीच्या भेगांत सुखाने वाढते. वाहनतळाच्या भिंती, पहारेकऱ्याची खोली आणि जिन्याचे कोपरे ही तिची घरे. एका सदनिकेत गोळी दिली आणि तळमजला तसाच राहिला, तर उपाय अपुराच ठरतो. कानाच्या कडांवर आणि कोपरांवर खपल्या धरून तीव्र खाज सुटत असेल, शिवाय घरातल्या माणसांच्या हातापोटावरही पुरळ उठत असेल, तर तो खरजेचा संसर्ग असू शकतो आणि तो इतरांना लागतो.

दुसरा क्रमांक संसर्गाचा. सांताक्रूझ वेधशाळेत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील दमटपणा सहसा ८० टक्क्यांवरच असतो. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या दाट, दुहेरी केसांच्या कुत्र्याची कातडी अशा हवेत लवकर वाळत नाही. त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकस जंतू आणि मॅलॅसेझिया ही बुरशी ओलाव्यात फोफावतात. आंबूस वास, चिकट कान, बोटांमधली तांबूस त्वचा या त्यांच्या खुणा. त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. त्वचेवर चिकटपट्टी दाबून घेतलेला नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की काही मिनिटांत उत्तर मिळते. ही तपासणी न करता प्रतिजैविके देणे, किंवा बरे वाटताच ती मध्येच थांबवणे, यातून औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. जगभरच्या पशुवैद्यकांपुढे आज ही मोठी अडचण आहे.

ताटातला संशयित

परजीवी आणि संसर्ग हटवूनही खाज राहिली, तर अन्नाकडे पाहायचे. कुत्र्यांतील अन्नाच्या ॲलर्जीवरील प्रसिद्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली घेण्यात आला. त्यात गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू हे चार घटक सर्वाधिक आढळले. आपल्या उपनगरांतील घरांना यातले तीन अगदी परिचित आहेत. मांसाहारी घरात चिकन-भात, तर घाटकोपर-मुलुंडच्या शाकाहारी घरात दूध-पोळी, पनीर आणि बिस्किट. बाजारातल्या तयार खाद्यातही कोंबडीचा अंश बहुधा असतोच.

हे ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेला एकच प्रथिनस्रोत आणि एकच पिष्टमय पदार्थ, किंवा पशुवैद्यकाने सुचवलेले विशेष खाद्य, किमान ८ आठवडे द्यायचे. खाज कमी झाली तर जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. खाज परतली, तरच निदान पक्के. रक्ताच्या, केसांच्या किंवा लाळेच्या चाचण्यांवरून अन्नाची ॲलर्जी ठरवण्याचे दावे विश्वासार्ह नाहीत. आठ आठवड्यांचा हा प्रयोग सोपा वाटतो, पण तो बहुतेक वेळा घरातच फसतो. आजोबा चहासोबत अर्धे बिस्किट देतात, मुले पोळीचा तुकडा टाकतात, जंताची गोळी चिकनच्या चवीची निघते. घरातल्या सर्वांनी एकमताने पाळले नाही, तर या पथ्याचा उपयोग शून्य.

अन्नही निर्दोष ठरले, तर उरते ती वातावरणातील घटकांची ॲलर्जी. घरातील धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशीचे कण आणि परागकण यांना शरीर अतिरेकी प्रतिसाद देते. ही प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या शहरात लोकप्रिय असलेल्या जातींत ती अधिक दिसते. बहुतेक कुत्र्यांत तिची सुरुवात सहा महिने ते तीन वर्षे या वयात होते. मधुमेहाप्रमाणे ती आयुष्यभर सांभाळावी लागते. हे वाक्य पहिल्याच वर्षी स्पष्टपणे सांगितले गेले, तर पालकाचा पुष्कळ पैसा आणि मनस्ताप वाचेल.

स्टेरॉइडचा मोह

मग त्या इंजेक्शनाचे काय? त्यात बहुधा स्टेरॉइड असते. कारण कोणतेही असो, स्टेरॉइडने दाह उतरतो आणि खाज थांबते. हेच त्याचे सामर्थ्य आणि हाच त्याचा धोका. असह्य खाजेसाठी थोड्या दिवसांचा, मोजून दिलेला स्टेरॉइडचा गोळ्यांचा कोर्स योग्यच असतो. आठवडेच्या आठवडे शरीरात रेंगाळणारी इंजेक्शने मात्र वारंवार घेतली, तर तहान, भूक आणि वजन वाढते, पोट सुटते, स्नायू झिजतात, संसर्ग बळावतात आणि शरीराची स्वतःची संप्रेरकव्यवस्था मंदावते. डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म परजीवीचा त्वचारोग तर स्टेरॉइडने अधिकच पसरतो.

माणसांच्या बाबतीत आपण हा धडा महागात शिकलो आहोत. स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या बेसुमार वापरामुळे गजकर्ण हटेनासे झाल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे मलमांच्या रूपातही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत असा बदल नियमांत केला. त्याच मलमांच्या अर्धवट वापरलेल्या नळ्या आता घरच्या कुत्र्याला लावल्या जातात आणि तो त्या चाटूनही टाकतो. माणसाच्या सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते आणि ते कुत्र्याला विषासमान आहे. खरजेवर स्वस्तात मिळणारे आयव्हरमेक्टिन कोलीसारख्या काही जातींत मेंदूवर गंभीर परिणाम करू शकते. त्यामागचा जनुकीय दोष २००१ साली उलगडला. रस्त्यावरच्या लूत लागलेल्या कुत्र्यांवर जळके इंजिन तेल ओतण्याचा प्रकार तर दयेपोटी केलेली क्रूरताच म्हणावी लागेल.

नवे उपाय आले आहेत. खाजेचा संदेश रोखणारे ओक्लासिटिनिब २०१३ साली अमेरिकेत मान्य झाले आणि आता ते भारतातही वापरले जाते. त्यानंतर लोकिव्हेटमॅब हे प्रतिपिंडाचे इंजेक्शन आले. दोन्हींमुळे स्टेरॉइडवरचा भार कमी झाला आहे. पण ही औषधेही मूळ ॲलर्जी नाहीशी करत नाहीत. ओक्लासिटिनिब एक वर्षाखालील किंवा गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्याला दिले जात नाही. तेव्हा कारण शोधण्याचा क्रम येथेही चुकत नाही.

सोसायटी, पालिका आणि कायदा

प्रगत उपचारांचा भूगोलही विचारात घ्यायला हवा. परळचे बाई साकरबाई रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय या शहराच्या जुन्या संस्था. २०२४ साली टाटा ट्रस्टचे भव्य रुग्णालय उघडले तेही महालक्ष्मीला. म्हणजे मोठ्या सोयी बेटावरच्या मुंबईत आणि वस्तीचा मोठा भाग उपनगरांत. दर काही आठवड्यांनी फेरतपासणी मागणाऱ्या आजारासाठी बोरिवलीहून किंवा मुलुंडहून कुत्र्याला घेऊन परळ गाठणे किती जणांना जमणार? म्हणून खरा भर पडतो तो गल्लीतल्या खासगी दवाखान्यावर. तिथे सूक्ष्मदर्शक वापरला जातो का, प्रत्येक भेटीची लेखी नोंद मिळते का, इंजेक्शनातील औषधाचे नाव सांगितले जाते का, हे विचारण्याचा पालकाला पूर्ण अधिकार आहे.

गृहनिर्माण संस्थांनीही ॲलर्जी आणि संसर्ग यांतला फरक समजून घ्यावा. ॲलर्जीचा कुत्रा कोणालाही काही देत नाही. कुत्रा पाळण्यास सरसकट बंदी घालता येत नाही, हे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. त्यापेक्षा वर्षातून दोनदा इमारतीच्या भेगा बुजवून गोचिडींचा बंदोबस्त करणे सर्वांच्याच हिताचे. त्यात आवारातल्या भटक्या कुत्र्यांनाही धरावे लागेल, कारण गोचीड मालक पाहून चढत नाही. महापालिका कुत्र्याचा परवाना देताना रेबीजच्या लशीची नोंद पाहते. त्याच वेळी परजीवी-नियंत्रणाचे एक पानी माहितीपत्रक मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत हाती दिले, तर खर्च नगण्य आणि लाभ मोठा.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार, संसर्गजन्य रोग झालेल्या आपल्या प्राण्याला जाणूनबुजून रस्त्यावर मोकळे सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे १० ते ५० रुपये. या दंडाची जरब कोणाला बसणार? तेव्हा कायद्यापेक्षा भरवसा ठेवावा लागतो तो घरातल्या शिस्तीवर. साधी वही पुरे: खाज कधी वाढली, काय खाल्ले, कधी आंघोळ घातली, कोणते औषध केव्हा दिले. वर्षभराची अशी नोंद हातात असेल, तर पशुवैद्यकाला पुढच्या इंजेक्शनाआधी विचार करायला आधार मिळतो. मुक्या जनावराला आपल्या आजाराचा इतिहास सांगता येत नाही; तो आपल्यालाच लिहून ठेवावा लागतो.