चौसष्ट ग्रॅमची झेप

बारावीनंतर लातूर-नांदेडला शिकवणी लावताना अम्मी-अब्बांच्या मनात एकच असतं: डॉक्टर. पण रिफत शारूक आठवा. तामिळनाडूतल्या पल्लापट्टीच्या या १८ वर्षांच्या मुलाने मित्रांसह ६४ ग्रॅमचा ‘कलामसॅट’ बनवला. सांगाडा कार्बनतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा, थ्रीडी प्रिंटरवर छापलेला. २२ जून २०१७ रोजी नासाच्या रॉकेटने तो अंतराळात नेला. असं छापील प्लास्टिक तिथे टिकतं का, हेच तपासायचं होतं. कारण निर्वात पोकळीत प्लास्टिकमधून वायू सुटतात, अतिनील किरणांनी ते ठिसूळ होतं. याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे, आणि ते नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातही शिकता येतं. नीटचे गुण कमी पडले म्हणून लेक रुसून बसली असेल, तर तिला हे दारही दाखवा.