थंडीने करपलेल्या रोपांची छाटणी : घाई नको

महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या व लिंगमळ्याच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असून वारा पडला, की पहाटे दहिवर गोठते आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण दिसू लागतात. प्रवाशांना त्या देखाव्याचे कौतुक वाटते. बागाईतदाराची मात्र साऱ्या हंगामाची कमाई त्या वेळी शेतात उभी असते. ऊन चढताच पाने काळवंडतात. मग घाबरून कोणी ती सरसकट छाटतो, कोणी रोपेच उपटतो, तर कोणी युरिया देतो. थंडीने जे वाचविले, ते पुष्कळदा या घाईने जाते.

करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, हे खरे. परंतु रोपाचा जीव जमिनीलगतच्या गाभ्यात असतो. शंका आल्यास एखादे रोप उभे चिरून पाहावे. गाभा पांढरा असल्यास रोपे राखावीत. तो तपकिरी झाला असेल तरच आशा सोडावी. करपलेली पानेही पुढील थंड रात्री गाभ्यावर पांघरुणाचे काम करतात. उलट छाटणीने व नत्राने फुटलेली कोवळी पालवी पुढच्या कडाक्यात प्रथम बळी पडते.

फुलांची गोष्ट निराळी. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र असूनही ज्यांचा मध्यभाग काळा पडला, त्या फुलांना फळ धरत नाही. ती तशीच ओलसर राहिल्यास करड्या बुरशीला आश्रय मिळतो. म्हणून ती खुडून शेताबाहेर न्यावीत. फुले लगेच, पाने सबुरीने, हा नियम ठेवावा.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी हिमकण क्वचितच पडतात. पण किमान तापमान १० अंश सेल्सिअसखाली उतरले, की केळीची वाढ मंदावते व पाने पिवळी पडतात. तेथेही अर्धवट हिरवी पाने कापणे इष्ट नव्हे. रोपाचे अन्न तीच तयार करतात. थंडीच्या रात्री हलके पाणी द्यावे, म्हणजे ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. खत मात्र नवे पान उलगडू लागल्यावरच द्यावे.

थंडी आवरणे कोणाच्या हाती नाही; हातातली कात्री आवरणे प्रत्येक बागाईतदाराला शक्य आहे. गाभा जिवंत असेल, तर नव्या कळ्यांची वाट पाहण्यातच त्याचे हित आहे.